चिंचभवनचा प्लॉट

नागपुरात पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला थोडं खोदून पाहा, वर्धा रोडचा एखादा प्लॉट निघतोच. कुणाचा घेता घेता राहिला, कुणी घेतलेला विकला. मी दुसऱ्या प्रकारातला. १९९७ साली चिंचभवनजवळचे दोन हजार चौरस फूट विकले आणि पैसा कूलरच्या धंद्यात टाकला. पत्र्याच्या बॉड्या, वूडवूलच्या ताट्या, पंप, मानेवाड्यात भाड्याचं शेड. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात अर्धा माल उधारीवर गेला, तो पैसा अजून यायचाच आहे.

पुढे विमानतळालगत मिहान हा मोठा प्रकल्प आला, वर्धा रोडचे भाव कुठल्या कुठे गेले. मग मेट्रो आली. आता खापरीच्या गाडीत बसलं की एअरपोर्ट साऊथच्या आसपास माझी मान आपोआप वळते. तिथे आता चार मजली इमारत आहे. तिकीट काढून स्वतःचा विकलेला प्लॉट गाडीतून बघणारा शहरात मीच एकटा नसेन.

वीसेक वर्षं माझं डोकं एकच वाक्य चघळत होतं : 'एवढी अक्कल नव्हती का बे तुला?' दाढी करताना, ताटावर बसलो असताना, रात्री तीनला जाग आली की. याला आपल्याकडे रवंथ म्हणतात. मानसशास्त्रात यासाठी जो इंग्रजी शब्द आहे, रुमिनेशन, त्याचाही मूळ अर्थ तोच निघाला. गायीला रवंथातून निदान दूध तरी होतं.

बदल झाला तो टेकडी गणपतीच्या रांगेत. संकष्टी होती, रांग खाली रस्त्यापर्यंत आली होती. हातात दुर्वांची जुडी, पुढे एक बाई आणि तिची पाचेक वर्षांची पोरगी. ती पोरगी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग आईचा पदर ओढून म्हणाली, "आई, हे आजोबा कोणाशी भांडून राहिले?"

माझे ओठ हलत होते. तेच वाक्य चालू होतं. एक तर आजोबा म्हणाली, वरून हे.

गाभाऱ्यासमोर पोचलो तेव्हा नेहमीचं मागणं काही तोंडात येईना. पाठीमागून ढकलाढकली चालू होती. आणि एक गोष्ट लख्ख दिसली. मी उठता बसता म्हणतो, सगळं त्याच्या हातात आहे, पुढचं कुणाला ठाऊक. आणि या एका प्लॉटच्या बाबतीत मात्र १९९७ मध्ये मला भविष्य ठाऊक असायला हवं होतं, असा माझा दावा! मिहान उभारणारी विमानतळ विकास कंपनीच मुळात २००२ साली स्थापन झाली. ती व्हायच्या पाच वर्षं आधी मला ते कळायला पाहिजे होतं? म्हणजे मी कोण, त्रिकालज्ञानी? ज्याला मी इतकी वर्षं पश्चात्ताप समजत होतो, त्यात निम्मा तरी अहंकार होता.

माझ्यापुरता श्रद्धेचा अर्थ तेव्हापासून एवढाच : सगळं कळणारा मी नाही. प्लॉट परत मिळत नाही, भाव खाली येत नाही. पण सर्वज्ञ असण्याची नोकरी सुटते.

तरी सवय काही एका संकष्टीत जात नाही. आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी आहे, मी समृद्ध आहे' म्हणायचा प्रयोग मीही करून पाहिला. आरशातला माणूसच हसला. लागू पडलं ते वेगळंच. आई मला घरी ज्या नावानं हाक मारायची, त्या नावानं मी मनातल्या मनात बोलू लागलो : 'अरे, तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढं बघून केलंस.' 'मी' न म्हणता नाव घ्यायचं, बस. २०१४ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस यांच्या चमूनं हेच तपासून मांडलं, की स्वतःशी नावानं बोललं तर ताणाच्या वेळी माणूस जास्त सावरलेला राहतो. समर्थांनी दोनशे पाच श्लोक मनालाच हाक मारून लिहिले. आम्ही ते शाळेत बक्षिसासाठी घोकले, वापरले कधीच नाहीत.

एक सांगतो, कारण 'सगळं देवावर सोडा' म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. झोप, भूक पार गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेकडीवर जाच, पण डॉक्टरकडेही जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन लावायला श्रद्धा आड येत नाही.

आता उरलेला अर्धा पश्चात्ताप. तो खरा होता आणि प्लॉटच्या गोंगाटात मी तो नीट झाकून ठेवला होता. कूलरची शेवटची उधारी चुकवायला मी बायकोच्या बांगड्या मोडल्या होत्या. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. वर 'तुझ्या माहेरच्यांनी मदत केली असती तर' हेही ऐकवलं होतं. हे काही भविष्य न दिसल्यामुळे झालं नव्हतं. तेव्हाही मला स्पष्ट दिसत होतं की हे चूक आहे. इथे 'जेवढं दिसलं तेवढं केलंस' हे वाक्य चालेना. चालवून पाहिलं, खोटं वाटलं.

मग एका दुपारी ती संत्री सोलत बसली होती, तेव्हा म्हणालो, "तुझ्या त्या तीन बांगड्या... मी तेव्हा फार वाईट वागलो."

ती सोलायची थांबली नाही. साल काढलं, शिरा काढल्या, दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

"चार होत्या," ती म्हणाली.

परवा इतवारीत सराफाकडे जाऊन आलो. आजच्या भावात सध्या एकच जमून राहिली आहे.