लेनिनपेक्षा जुने राष्ट्रगीत आणि एका संगीतकार-धर्मगुरूचे आयुष्य

युक्रेनमधल्या युद्धाची मोठी बातमी आली की मराठी व्हॉट्सअॅप गटांतून एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: युक्रेन हे कृत्रिम राष्ट्र आहे आणि ते लेनिनने घडवले, युक्रेनी ही स्वतंत्र भाषा नसून रशियनची खेडवळ बोली आहे, तिथला धर्म आणि संगीत मुळात रशियनच, आणि जी काही युक्रेनी संस्कृती म्हणून दाखवली जाते ती सोव्हिएत सत्तेने बहाल केलेली आहे. या मजकुराचा उगम शोधायला फार दूर जावे लागत नाही. आजचा युक्रेन संपूर्णपणे रशियाने, नेमके सांगायचे तर बोल्शेविक रशियाने निर्माण केला, असे पुतिन यांनी २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात सांगितले आणि तीन दिवसांनी सैन्य सीमेपार गेले. एखाद्या दाव्याच्या पाठोपाठ रणगाडे निघत असतील, तर तो दावा खरा आहे की नाही हे पाहणे वाचकाचे कर्तव्यच ठरते.

या दाव्याला राजकीय इतिहासाच्या जाड ग्रंथांतून उत्तर देता येईल, पण मला किरिलो स्तेत्सेंको यांचे आयुष्य समोर ठेवावेसे वाटते. ते संगीतकार होते, गायकवृंदाचे संचालक होते आणि ऑर्थोडॉक्स धर्मगुरूही होते. त्यांचा जन्म १८८२ साली कीव्हच्या दक्षिणेला, आजच्या चेर्कासी प्रांतातल्या क्वित्की या खेड्यात झाला. वडील देवचित्रे रंगवत, आणि घरात मुलांची रांग होती. किरिलो कीव्हला धार्मिक शाळेत आणि नंतर धर्मगुरू घडवणाऱ्या तिथल्या सेमिनरीत शिकले, आणि १८९९ पासून मिकोला लिसेंको यांच्या गायकवृंदात गाऊ लागले. लिसेंको म्हणजे युक्रेनी लोकगीते गावोगावी ऐकून, लिहून घेऊन त्यांच्या पायावर नवे संगीत उभारणारा माणूस. लेनिन सत्तेवर येण्याच्या अठरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आता भाषेचा मुद्दा. युक्रेनीला बोली ठरवण्याची कल्पना आजची नाही. झारच्या गृहमंत्र्याने, वालुयेव याने, १८६३ साली एका गोपनीय परिपत्रकात वेगळी ‘लहान रशियन’ (म्हणजे युक्रेनी) भाषा कधी नव्हती, आज नाही आणि असूच शकत नाही, हे मत उद्धृत करून तिच्यातली धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तके छापणे थांबवले. १८७६ मध्ये झार दुसरा अलेक्सांद्र याने जर्मनीतल्या बाड एम्स या गावी मुक्कामी असताना सही केलेला हुकूम त्याहून कडक होता. युक्रेनी पुस्तके बाहेरून आणण्यास बंदी आली आणि रंगभूमीवर ती भाषा बोलण्यास बंदी आली. त्यातले एक कलम मला कधीच विसरता येत नाही: स्वरलिपीखाली युक्रेनी शब्द छापण्यासही बंदी आली. पाश्चात्त्य स्वरलिपीचा छापील कागद डोळ्यांसमोर आणावा. पाच आडव्या रेघा, त्यांवर स्वरांचे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या खाली बारीक टाइपात गाण्याचे एकेक अक्षर. स्वर राहिले तरी चालतील, खालची अक्षरे नकोत, असे साम्राज्याने ठरवले. खेडवळ उच्चारांची भीती बाळगून कोणी इतक्या बारकाईने कलमे लिहीत नाही.

१८८१ मध्ये या हुकमात थोड्या सवलती आल्या, परंतु छपाई आणि प्रयोग अधिकाऱ्यांच्या परवानगीवरच अवलंबून राहिले. स्तेत्सेंको यांचे बालपण आणि विद्यार्थीदशा याच काळात गेली. आणि १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या शाही विज्ञान अकादमीनेच ही बंधने उठवावीत असे निवेदन दिले, ज्यात त्या काळातल्या अग्रगण्य रशियन भाषाशास्त्रज्ञांनी युक्रेनीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्य केले. ज्यांना युक्रेनी विद्वानांचे म्हणणे पक्षपाती वाटते त्यांनी निदान रशियन अकादमीचे तरी ऐकावे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, युक्रेनी चळवळीतल्या सहभागाबद्दल स्तेत्सेंको यांना अटक झाली आणि डॉन नदीच्या प्रदेशातल्या अलेक्सांद्रोव्स्क-ग्रुशेव्स्की या कोळसाखाणींच्या गावी हद्दपार करण्यात आले. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

धर्माचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यात अर्धे सत्य आहे हे आधीच मान्य केले पाहिजे. स्तेत्सेंको रशियन चर्चच्या सेमिनरीत शिकले आणि १९११ साली त्याच चर्चच्या व्यवस्थेत दीक्षा घेऊन पोडोलिया प्रांतातल्या होलोवो-रुसावा या गावी धर्मगुरू झाले. पण ‘मुळात रशियन’ या शब्दांनी जो अर्थ पोहोचवला जातो तो इतिहासाला धरून नाही. कीव्हमध्ये ख्रिस्ती धर्म ९८८ साली आला तेव्हा मॉस्को हे गाव कोणत्याही नोंदीत नव्हते. कीव्हचे धर्मपीठ कॉन्स्टंटिनोपलच्या अधिकाराखाली होते आणि १६८६ मध्येच ते मॉस्कोच्या अधिकाराखाली गेले. म्हणजे जवळजवळ सात शतके ते मॉस्कोचे नव्हते. ऑक्टोबर १९२१ मध्ये कीव्हच्या संत सोफिया कॅथेड्रलमध्ये स्वायत्त युक्रेनी ऑर्थोडॉक्स चर्चची परिषद भरली, वासिल लिपकिव्स्की यांना प्रमुख धर्माध्यक्ष निवडण्यात आले आणि उपासना लोकांच्या युक्रेनी भाषेत चालवण्याचे ठरले. स्तेत्सेंको या चर्चचे धर्मगुरू म्हणूनच वारले. त्यांचे चर्चसंगीत याच भाषेतल्या उपासनेसाठी होते, आणि लिसेंको यांच्या स्मृत्यर्थ रचलेली ‘पानाखिदा’, म्हणजे मृतात्म्यासाठीची प्रार्थना, मला त्यांच्या सगळ्या रचनांमध्ये श्रेष्ठ वाटते. तीत गुरूचा शोक खेड्यातल्या बायकांच्या रडगाण्याच्या वळणाने येतो, आणि तरीही ते पूर्णपणे चर्चचे संगीत राहते.

संगीत मुळात रशियन होते, हे विधान तर उलटे करून वाचायला हवे. अनेक स्वरांचे एकत्र गायन सतराव्या शतकात कीव्हमधून उत्तरेकडे गेले. मिकोला दिलेत्स्की यांनी त्याचे शास्त्र लिहून काढले. १७३८ मध्ये ह्लुखिव्ह या युक्रेनी गावात गायनशाळा निघाली ती मुलांना सेंट पीटर्सबर्गच्या दरबारी गायकवृंदात पाठवण्यासाठीच. पुढे त्या दरबारी वृंदाचे प्रमुख झालेले बोर्त्न्यान्स्की याच ह्लुखिव्हचे. रशियन दरबारी गायनाचा पाया जिथून आला ती भूमी रशियाची शाखा कशी ठरते, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

इथे एका गाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण ते प्रत्येक मराठी वाचकाने ऐकले असेल. डिसेंबरमध्ये मॉलमध्ये आणि शाळांच्या नाताळ कार्यक्रमांत ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ हे घंटांबद्दलचे एक जलद इंग्रजी गाणे वाजते. त्याचे मूळ ‘श्चेद्रिक’ हे युक्रेनी लोकगीत असून त्याची समूहगायनासाठीची रचना मिकोला लेओंतोविच यांची आहे. ते स्तेत्सेंको यांचे मित्र होते, धर्मगुरूंचे पुत्र होते आणि तुल्चिन गावात संगीत शिकवत. आपल्या स्वरांत सांगायचे तर या गाण्याचा गाभा म्हणजे कोमल गंधार, रिषभ, पुन्हा कोमल गंधार आणि षड्ज. एवढे चारच सूर. पहिला लांब, मधले दोन झटपट, शेवटचा पुन्हा लांब. तेच चार सूर एक आवाज न थकता म्हणत राहतो आणि बाकीचे आवाज त्याच्या वर-खाली इमारत चढवत जातात. मूळ शब्दांत ना घंटा आहेत ना येशूचा जन्म. एक चिमुकली पाकोळी उडत येते आणि घरधन्याला बाहेर बोलावते: बघ, मेंढ्यांना कोकरे झाली आहेत, तुझे धन चांगले आहे. नववर्षाच्या पूर्वसंध्येला दारोदार गाऊन शुभ चिंतण्याचे हे गीत आहे आणि पाकोळीच्या उल्लेखावरून ते वसंतात वर्ष सुरू होत असे त्या काळातले मानले जाते. इंग्रजी शब्द पीटर विल्हाउस्की यांनी १९३६ मध्ये लिहिले. त्यांना ही चाल ऐकायला मिळाली ती ज्या गायकवृंदामुळे, त्याच्या स्थापनेशी स्तेत्सेंको यांचा थेट संबंध आहे, आणि तिथूनच राष्ट्राच्या प्रश्नाकडे वळता येते.

कीव्हमध्ये २० नोव्हेंबर १९१७ रोजी युक्रेनी लोकप्रजासत्ताकाची घोषणा झाली. बोल्शेविकांनी खार्किव्हमध्ये आपले सोव्हिएत युक्रेनी सरकार जाहीर केले ते त्यानंतर महिनाभराने, डिसेंबरच्या शेवटी. त्याच वर्षीच्या संविधान सभेच्या निवडणुकीत युक्रेनमध्ये बोल्शेविकांना सुमारे दहा टक्के मते मिळाली होती. हा क्रम नीट पाहिला तर लेनिनने युक्रेन निर्माण केला असे म्हणता येत नाही. आधीच उभ्या राहिलेल्या युक्रेनला उत्तर म्हणून त्याला स्वतःचा एक युक्रेन मांडावा लागला. २२ जानेवारी १९१८ रोजी पूर्ण स्वातंत्र्य जाहीर झाले. स्तेत्सेंको १९१७ मध्येच खेडे सोडून कीव्हला आले होते आणि शासनाच्या संगीतविषयक कामाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. जानेवारी १९१९ मध्ये प्रजासत्ताकाचे नेते सिमोन पेतल्युरा यांनी गायकवृंद-संचालक ओलेक्सांद्र कोशिट्स आणि स्तेत्सेंको यांच्यावर एक काम सोपवले: प्रजासत्ताकाचा गायकवृंद उभारून युरोपला युक्रेन ऐकवावा. शत्रू राजधानीच्या वेशीवर असताना एका सरकारने गायकांना परदेशी पाठवले, ही घटना मला आजही हलवून जाते. कोशिट्स वृंद घेऊन पुढे गेले, प्राग जिंकले, आणि ५ ऑक्टोबर १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ‘श्चेद्रिक’ गायले गेले. सोव्हिएत संघाच्या स्थापनेचा करार ३० डिसेंबर १९२२ चा आहे.

स्तेत्सेंको मायदेशातच राहिले. १९२० च्या शरद ऋतूत ते दुसरा वृंद घेऊन युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशातून रेल्वेने फिरले. वृंदाच्या कारकुनीसाठी सोबत तरुण कवी पावलो तिचिना होते आणि त्यांनी त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली.

आणि हो, युक्रेनच्या राष्ट्रगीताचे शब्द पावलो चुबिन्स्की यांनी १८६२ मध्ये लिहिले आणि त्याला चाल लावली ती पश्चिमेकडच्या गॅलिशियातल्या मिखाइलो वेर्बित्स्की या ग्रीक कॅथलिक धर्मगुरूंनी १८६३ मध्ये. लेनिनचा जन्म १८७० चा. स्तेत्सेंको यांनी त्याच गीताची समूहगायनासाठी मांडणी केली.

सीमांबद्दलचा मुद्दा मात्र तितकासा पोकळ नाही. पश्चिमेचे प्रांत १९३९ मध्ये आणि क्रिमिया १९५४ मध्ये सोव्हिएत काळातच जोडले गेले, आणि १९२३ नंतर काही वर्षे सोव्हिएत सत्तेने युक्रेनी शाळांना आणि छपाईला खरोखर प्रोत्साहन दिले. ते लपवण्याचे कारण नाही. पण नकाशावरची रेघ आणि तिच्या आत राहणारी माणसे यांत फरक असतो, आणि ‘बहाल केली’ हा शब्द वापरण्यापूर्वी त्या माणसांचे पुढे काय झाले ते सांगायला हवे.

लेओंतोविच जानेवारी १९२१ मध्ये आईवडिलांना भेटायला मार्किव्का गावी गेले होते. चेका या गुप्त पोलीस दलाचा अफानासी हृश्चेंको हा माणूस त्यांच्या घरी आला, रात्रभर आसरा मागितला, त्याच खोलीत झोपला आणि २३ तारखेच्या पहाटे त्याने लेओंतोविच यांना गोळी घातली. त्याचा पोलिसी अहवाल युक्रेन स्वतंत्र झाल्यावर, १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाला. मार्किव्का, तुल्चिन, होलोवो-रुसावा ही सगळी गावे आजच्या विनित्सिया प्रांतात येतात. २०२२ मध्ये जिथून महाराष्ट्रातले वैद्यकीय विद्यार्थी जीव मुठीत धरून परतले, ते विनित्सिया हेच. मित्राच्या खुनानंतर नऊ दिवसांतच कीव्हमध्ये त्याच्या स्मृतीसाठी समिती स्थापन झाली आणि तिच्यात स्तेत्सेंको होते.

ज्या स्वायत्त चर्चमध्ये त्यांनी सेवा केली ते १९३० मध्ये दडपणाखाली विसर्जित करण्यात आले, आणि लिपकिव्स्की यांना १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ज्या संत मायकेल सुवर्णघुमट मठात तरुण स्तेत्सेंको गायनाचे काम पाहत, तो मठ १९३० च्या दशकात पाडण्यात आला; आज कीव्हमध्ये दिसते ती १९९० च्या दशकात पुन्हा बांधलेली वास्तू आहे. तिचिना वाचले, पण पक्षाची स्तोत्रे लिहून.

स्तेत्सेंको यांना हे पाहावे लागले नाही. अखेरच्या काळात ते फास्तिव्हजवळच्या वेप्रिक या गावी धर्मगुरू म्हणून राहायला गेले होते. ‘इफिगेनिया’ या लेस्या उक्राइन्का यांच्या नाट्यकाव्यावरचे संगीत त्यांनी त्याच वर्षांत पूर्ण केले. १९२२ च्या वसंतात गावात टायफसची साथ होती. आजाऱ्यांच्या अंथरुणाशी जाऊन अखेरची प्रार्थना म्हणणे हे धर्मगुरूचे काम, ते त्यांनी सोडले नाही आणि संसर्ग त्यांनाही झाला. २९ एप्रिल १९२२ रोजी, वयाची चाळिशी पुरी होण्याआधी, ते वारले. त्यांना वेप्रिकमध्येच पुरण्यात आले.