चार पायथन आणि एक ‘डन’

आमच्या ऑफिसात कुठल्याही नव्या मशीनवर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची चार व्हर्जन्स बसवावी लागतात. एक का पुरत नाही, हे घरी समजावून सांगायचा नाद मी सोडलाय. २.७ एका जुन्या क्लायंटच्या बिलिंगसाठी, ३.८ रिपोर्टांसाठी, ३.१२ नव्या कामाला. ३.९ कशाला, ते कुणालाच आठवत नाही, आणि काढायची कुणाची छाती नाही.

२.७ तर सरकारी खात्यात शोभावं असं. २०१० साली रुजू झालं, २०१५ ला निवृत्त व्हायचं होतं, पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. १ जानेवारी २०२० ला एकदाचा नारळ दिला, तर एप्रिलमध्ये २.७.१८ म्हणून पुन्हा सही करून गेलं. आमच्या क्लायंटकडे अजून हजेरीपटावर आहे.

हे सगळं हाताने करायला लागू नये म्हणून एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या हुकमांची यादी, आहे. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. जाताना एक कॉमेंट तेवढी ठेवून गेला: ‘ऑल्ट काढू नये.’ का, ते लिहिलेलं नाही, पण आहे बरोबर. पायथन मशीनवर बसवताना नुसतं ‘मेक इन्स्टॉल’ केलं की नवीन आलेलं व्हर्जन थेट ‘पायथन३’ या नावावर हक्क सांगतं. ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ केलं, तर बिचारं ‘पायथन३.१२’ असं पूर्ण नाव लावून कोपऱ्यात राहतं. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची बरीच कामं घरच्या पायथनवर चालतात, तिथे नावावरून भांडण परवडत नाही.

एंटर मारला की आधी लागणारं सामान मशीनवर आहे का ते बघणाऱ्या ‘कॉन्फिगर’ची उलटतपासणी सुरू होते. सी कंपायलर चालतो का? येस. अमुक हेडर फाइल आहे का? येस. प्रश्न संपता संपत नाहीत, येस येस वाचून डोळ्यांवर झापड येते, आणि नेमकी त्याच झोपेत एक ओळ सरकून जाते: ओपनएसएसएल जोडता येतंय का? नो. यावर कॉन्फिगर थांबतं का? छे! एसएसएल, म्हणजे इंटरनेटवर सुरक्षित बोलणं, ऐच्छिक विषय आहे म्हणे. मग कोडमधून पायथन तयार करणारं मेक सुरू होतं, लॅपटॉपचा पंखा घोंघावतो आणि शेवटी स्क्रिप्ट पडद्यावर ‘डन’ असं लिहून मोकळी. वास्तुशांत झाली, पंगत उठली, आणि हात धुवायला गेल्यावर कळावं की नळच जोडलेला नाही, तसलं हे ‘डन’. कारण एसएसएल नाही म्हणजे पिप या पायथनच्या हमालाला इंटरनेटवरून साधी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आणता येत नाही. उपाय काय, तर लिबएसएसएल-डेव्ह हे पॅकेज टाकायचं आणि पंखा पुन्हा घोंघावू द्यायचा.

बरं, मेक खरोखर आपटलं तरी ‘डन’ येतंच. वरती ‘सेट मायनस ई’ आहे, म्हणजे चूक दिसताच थांब. पण मेकचा आरडाओरडा पाइपमधून, म्हणजे एका हुकमाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवणाऱ्या जोडणीतून, ‘टी’ नावाच्या हुकमाकडे जातो, लॉगमध्ये उतरवायला, आणि पाइपचं काय झालं हे हुकूम चालवणारं शेल फक्त शेवटच्यालाच विचारतं. टी म्हणते, ‘मी सगळं लिहून घेतलंय, माझ्याकडून ओके.’ काय लिहून घेतलंय ते कुणी वाचत नाही. ‘पाइपफेल’ असा हुकूम वेगळा द्यावा लागतो, तेव्हा कुठे मधल्याची विचारपूस होते.

शेवटी ही स्क्रिप्ट सगळ्यांत नवीन व्हर्जन निवडून त्याला डीफॉल्ट करते. निवडलं ३.९! क्रम लावणारं साधं सॉर्ट एकेक अक्षर बघतं. नऊपुढे बाराचा एक त्याला लहानच दिसणार. गणिताच्या बाईंनीसुद्धा ३.१२ पेक्षा ३.९ मोठा म्हणून बरोबरची खूण केली असती. सॉर्टला ‘मायनस कॅपिटल व्ही’ दिलं की मग ते दशांश चिन्ह विसरतं.

हे सगळं दुरुस्त केलं, प्रत्येक व्हर्जनकडून ‘इम्पोर्ट एसएसएल’ म्हणवून घेतलं, तेव्हा कुठे ‘डन’वर विश्वास बसला. तेवढ्यात मॅनेजरसाहेब आनंदाची बातमी घेऊन आले. क्लायंट २.७ सोडायला तयार झालाय.

“कुठल्या व्हर्जनवर येतायत, सर?”

“३.६. स्टेबल आहे म्हणाले.”

३.६ चा सपोर्ट डिसेंबर २०२१ मध्येच संपलाय, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं.

“असू दे रे,” साहेब म्हणाले, “तुझी स्क्रिप्ट आहे ना? एक ओळ तर टाकायचीय. आणि २.७ पण राहू दे, त्यांचं मार्चएंड होईपर्यंत.”