कातडीबचाऊ

'कातडीबचाऊ' हा शब्द लोक एकमेकांना हिणवायला वापरतात. मला कुणी म्हटलं तर मी मान डोलावतो. कातडी बचावणं हाच माझा उद्योग आहे, आणि त्यात सुट्टी नाही.

वर्षातून एक दिवस, तोही जेमतेम सहा तास, मी ड्रॅगन मारणारा भटका योद्धा असतो. छातीवर जाड चामड्याचं कवच, खांद्यांवर खवल्यांसारखी एकावर एक चढलेली पानं, मनगटपट्टे, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट, पायघोळ कोट आणि सतरा बकलं. हा योद्धा आगीला भीत नाही, तलवारीला भीत नाही. भितो तो उन्हाला, ओलाव्याला, घामाला, साबणाला, प्लॅस्टिकच्या पिशवीला आणि घडीला. उरलेले ३६४ दिवस मी त्याचा गडी असतो.

या प्रकाराला, म्हणजे गोष्टीतल्या पात्राचा पोशाख चढवून मिरवण्याला, कॉस्प्ले म्हणतात. हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी या जपानी गृहस्थांनी १९८०च्या दशकात 'कॉस्च्यूम' आणि 'प्ले' जोडून केला. गृहस्थ चतुर. कपडे आले, खेळ आला. पुसणं, वाळवणं, तेल लावणं मात्र नावातून बेमालूम गाळलं. त्याच्या कितीतरी आधी, १९३९ साली, न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस ही दोघं भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून गेली होती. कपडे डग्लसबाईंनी शिवले, एवढं इतिहासाने नोंदवलं आहे. घरी आल्यावर ते झटकून, वाळवून कुणी ठेवले हे मी अजून कुठे वाचलेलं नाही. मला अंदाज आहे.

पहिल्या वर्षी मी कॉस्प्लेच्या मेळाव्याहून परतलो तो इतका दमून, की अंगावरून उतरवलेला योद्धा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, गाठ मारली आणि पलंगाखाली सरकवला. घामासकट. चार महिन्यांनी गाठ सोडली तेव्हा आधी वास बाहेर आला आणि मागून योद्धा. त्याच्या कवचावर पांढरट-हिरवी लव फुटली होती. ड्रॅगनच्या शोधात निघालेला माणूस वाटेत दलदलीत राहिला असावा, असा.

"शी! हे मेलंय," आई नाकाला पदर लावून म्हणाली.

"आई, चामडं आधीच मेलेलं असतं."

"मग परत कशाला मारलंस?"

उत्तर नव्हतं. चामडं हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पिशवीत त्याला घ्यायला भरपूर होता, सोडायला जागा नव्हती. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला आमंत्रण जातं, आणि मी तर तिच्यासाठी बंद खोली करून वर घामाचं जेवण ठेवलं होतं. एका अनुभवी कॉस्प्लेवाल्या ताईंनी फोनवर उपाय सांगितला: तोंडाला मास्क लाव, घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाड, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून त्यात पिळलेल्या फडक्याने पूस, सावलीत वाऱ्यावर वाळव. आणि आधी आतल्या बाजूला थोडंसं लावून बघ, रंग उतरत नाही ना ते.

सगळं केलं. फक्त 'सावलीत' हा शब्द माझ्या कानातून निसटला. बूट उन्हात ठेवले. ओलं चामडं भरभर वाळलं की त्याचे तंतू एकमेकांना चिकटतात, ते आक्रसतं आणि कडक होतं. सकाळी मी माझे बूट ठेवले होते. संध्याकाळी उचलले ते दुसऱ्या कुणाचे तरी होते, आणि तो माणूस माझ्यापेक्षा दोन मापांनी लहान होता.

आता आली पश्चात्तापाची पाळी. पश्चात्ताप झाला की मी तेल लावतो. चामड्यासाठी नीट्सफूट नावाचं एक जुनं, नावाजलेलं तेल असतं. गुराढोरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं. नावात 'नीट' आहे, लावणाऱ्यात नव्हतं. बाटलीवर पातळ थर द्या असं लिहिलं होतं. मी लहान बाळाला माखतात तसं कवच माखलं. रात्री एकदा, सकाळी एकदा, आणि दुपारी ते सुकल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा एकदा.

इथे जरा कमावण्याबद्दल सांगायला हवं. कातडं दोन मुख्य तऱ्हांनी कमावतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ, लवचीक होतं आणि काम एखाद्या दिवसात उरकतं. माझा कोट त्यातला. झाडांच्या सालींमधल्या टॅनिनने कमवायला कित्येक आठवडे लागतात, पण ते भिजवून हवा तो आकार द्यावा आणि वाळल्यावर त्याने तो धरून ठेवावा. कवचं त्याची करतात. म्हणजे कवचाचा सगळा रुबाब त्याच्या ताठपणात. त्याला तीनदा तेल पाजल्यावर रंग दोन छटांनी काळवंडला आणि ताठपणा गेला. तिसऱ्या दिवशी उभं केलं तर कवच कंबरेतून वाकून नमस्कार करू लागलं. हे मी आईला समजावून सांगत होतो, तर ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "या खोलीत कमावलेलं म्हणून काही असेल तर ते कातडंच. तेही दुसऱ्याने."

महिनाभराने कवचावर पुन्हा पांढरा थर दिसला. माझ्या पोटात गोळा आला. ताईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हेअर ड्रायर लांबून, हलक्या गरम हवेवर फिरव. वितळलं तर चरबी, नाही वितळलं तर बुरशी." ज्या यंत्राने ओलं चामडं वाळवलंस तर याद राख, अशी तंबी याच ताईंनी दिली होती, तेच आता वैद्यकीय तपासणीला! मी ड्रायर फिरवला. पांढरेपणा बघता बघता विरघळून नाहीसा झाला. चामड्यात मुरलेले तेला-चरबीचे अंश कधी कधी पृष्ठभागावर येऊन थिजतात, एवढंच ते. मऊ फडक्याने पुसलं की झालं.

"बुरशी नाही!" मी आनंदाने ओरडलो. "चरबी वर आलीय!"

"तुझ्यावर गेलंय," आई म्हणाली.

त्याच चरबीने पितळी रिव्हेटांनाही गाठलं होतं. पितळेतलं तांबं आणि चामड्यातलं तेल यांचं जमलं की रिव्हेटांभोवती हिरवा, मेणासारखा चिकट मळ धरतो. तो लाकडी काडीने खरवडायचा. धातूच्या टोकाने गेलात तर चामड्यावर ओरखडा. रिव्हेटं एकशे बारा आहेत. यावर अधिक बोलण्याची माझी इच्छा नाही.

या काळात माझा एक मित्र मला हसत असे. त्याचा पोशाख नकली चामड्याचा. पुसायला ओलं फडकं, तेल नाही, बुरशीची धास्ती नाही. तीन वर्षांनी त्याने कोट बाहेर काढला तर अंगाखांद्यावरून काळे पापुद्रे गळायला लागले. कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो, आणि एकदा ते सुरू झालं की जगातलं कुठलंही तेल त्याला थांबवत नाही. त्याच्या योद्ध्याने कात टाकली. मी हसलो नाही. समोर तरी नाही.

सगळ्यात मोठी लढाई किड्यांची. हातमोज्यांना बारीक भोकं दिसली आणि शिवणीत केसाळ अळ्या. डर्मेस्टिड जातीच्या भुंगेऱ्यांची ही पिल्लं चामडं, लोकर, केस, जे मिळेल ते खातात. संग्रहालयांत अशा वस्तू घट्ट बंद करून उणे २० अंशांच्या आसपास गोठवतात, हे मी वाचलेलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीला चामड्याच्या राज्यात मान मिळतो तो इथेच. हातमोजे पिशवीत बंद केले, हवा दाबून काढली आणि फ्रीझरमध्ये मागच्या बाजूला ठेवले, दोन आठवड्यांसाठी. बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच उघडायची नसते; आतलं सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर गार चामड्यावर दव धरतं. एवढी बारीकसारीक पथ्यं लक्षात ठेवणारा मी, घरात कुणाला सांगायचं तेवढं विसरलो.

बर्फ काढायला गेलेल्या आईच्या हाताला हात लागला.

त्या किंकाळीनंतर घरात तह झाला. योद्ध्याला स्वतंत्र कपाट मिळालं, फ्रीझर कायमचा बंद झाला. कपाटात आता रुंद, गादी लावलेल्या हँगरवर कोट असतो, कारण बारीक हँगरने खांद्याला टेंगूळ येतं. कवच पुतळ्यावर, बूट आणि मनगटपट्टे आम्लरहित कागदाचे बोळे भरून. वर्तमानपत्र चालत नाही, शाई उठते. मागे एकदा मनगटपट्ट्याच्या आत कुठल्यातरी मथळ्याचा अर्धा भाग उमटला होता आणि सबंध मेळाव्यात मी 'दर स्थिर' असं मनगटाला बांधून ड्रॅगन शोधत होतो. बकलं सगळी सोडून ठेवायची, म्हणजे पट्टे मुडपत नाहीत. वरून सुती खोळ. आणि आत आर्द्रतामापक, जो पन्नासच्या आसपास असला की मला शांत झोप लागते. गंमत म्हणून एकदा तो माझ्या खोलीत ठेवला. अठ्ठ्याहत्तर. म्हणजे घरात बुरशी येण्याचा खरा मान माझा.

पुतळ्याचं एक सांगायचं राहिलं. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला अर्धवट उघड्या कपाटात खोळ पांघरलेला, रुंद खांद्यांचा, बिनडोक्याचा कुणीतरी दिसतो. पुतळा मीच आणला, कपाट मीच लावलं, खोळ मीच घातली. तरी वर्षातून चार वेळा मी दचकतो. पाहुण्यांना आम्ही आधी सांगून ठेवतो.

यंदा मेळाव्यात ऐन फोटोच्या वेळी पाऊस आला. फोमची चिलखतं घातलेली मंडळी मैदानात नाचायला लागली. मी धावत जाऊन पत्र्याखाली उभा राहिलो आणि पिशवीतून फुलाफुलांची छत्री काढून खांद्यांवर धरली. एक सात-आठ वर्षांची मुलगी जवळ येऊन निरखून बघू लागली.

"काका, तुम्ही खरंच ड्रॅगन मारता?"

"हो."

"आत्ता आला तर?"

"आत्ता नाही. पाऊस थांबू दे."

घरी पोचलो तेव्हा पायांत त्राण नव्हतं. बकलं सोडली, योद्धा खुर्चीवर ठेवला आणि पाच मिनिटं पडावं म्हणून आडवा झालो. डोळा लागला असावा. जाग आली ती घोंघाटाने. दिव्याखाली आई बसली होती, कवच मांडीवर, एका हातात मऊ फडकं, दुसऱ्या हातात हेअर ड्रायर, बरोब्बर हातभर लांब धरलेला. मनगटपट्टे कागदाचे बोळे भरून ओळीने मांडलेले होते.

मी धडपडून उठायला लागलो.

"पांढरं दिसलं म्हणून बघितलं," ती मान वर न करता म्हणाली. "चरबी आहे. झोप तू."