‘काहीही घ्या, चालते’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बारावीच्या निकालानंतर पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. त्याचा आशय असा : आंतरविद्याशाखीय ‘लिबरल’ पदवीला, म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकवणाऱ्या पदवीला, आखणी लागत नाही, आवडतील ते विषय घ्यावेत, अवघड पेपर शेवटच्या वर्षासाठी ठेवावेत, मध्येच सोडले तरी पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक (क्रेडिट) जमा राहतात, आणि एवीतेवी या पदवीवर पुढे काही मिळत नाही. एकच पदवी इतकी सोपी आणि इतकी निरुपयोगी कशी, हे संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आधी ‘आवडतील ते विषय’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक आहेत. त्यांतले ६० मुख्य विषयाचे, २४ गौण विषयाचे. उरलेल्यांत भाषा, कौशल्ये, मूल्यशिक्षण आणि इंटर्नशिप. इतर विद्याशाखांत डोकावण्यासाठी ठेवलेल्या गटाला फक्त ९ श्रेयांक मिळतात आणि बारावीला शिकून झालेल्या विषयांची तिथे पुनरावृत्ती चालत नाही. राज्याराज्यांत हे आकडे थोडे बदलतात, परंतु ताटात चटणी-कोशिंबिरीची जागा असते तेवढीच ही मोकळीक. मुख्य अभ्यासच आंतरविद्याशाखीय असेल तर गाभ्याचे श्रेयांक घटक विषयांत वाटले जातात : अर्थमितीसाठी (इकॉनोमेट्रिक्स) अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि गणित. यांतला एकही विषय आवडीनिवडीवर सोडता येत नाही.

संदेशातला सर्वांत घातक सल्ला मात्र अवघड पेपर मागे ठेवण्याचा आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. अभ्यासक्रमांना १००, २००, ३०० अशा पातळ्या असतात आणि वरच्या पातळीवरचा पेपर खालचा झालेला आहे असे गृहीत धरूनच शिकवला जातो. समजा, एखाद्या मुलीला शेवटच्या वर्षी आपल्या शहराच्या पाणीवाटपावर प्रकल्प करायचा आहे. त्यासाठी पाचव्या सत्रात तिला सर्वेक्षणाची पद्धत यायला हवी, त्याआधी प्राथमिक संख्याशास्त्र, आणि त्याच्या जोडीला भूगोल किंवा सार्वजनिक वित्त. म्हणजे संख्याशास्त्राचा पेपर दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रातच उरकावा लागतो. तो टाळला, तर प्रकल्प अडतो किंवा मुलाखती आणि वर्तमानपत्री कात्रणांवर भागवावा लागतो. म्हणून आखणी शेवटच्या सत्रापासून उलटी करत यावी. तासांचा हिशेबही पाहावा : एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास, तेव्हा २० श्रेयांकांचे सत्र १५ आठवड्यांत बसवले तर आठवड्याला वीस तास नुसते वर्गात जातात, आणि प्रात्यक्षिकाला त्याच श्रेयांकासाठी दुप्पट वेळ लागतो. त्यात मागची केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला पेपर, आली की वेळापत्रकाचे काय होते, हे कोणताही तृतीय वर्षाचा विद्यार्थी सांगेल.

श्रेयांक जमा राहतात, हे अर्धे खरे आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, पण त्यासाठी ४० श्रेयांकांखेरीज उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परतावे लागते आणि पदवी सात वर्षांत पूर्ण करावी लागते. शैक्षणिक श्रेयांक बँक श्रेयांक सांभाळते, परंतु नव्या संस्थेत ते मुख्य विषयात धरले जाणे वेगळी गोष्ट. ते तसे धरले जातील का, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे.

पुढे काही मिळत नाही, हे तर सरळ चूक. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी चालते. शंकेला जागा आहे ती शिक्षकी पेशाबाबत : बी.एड.ला अध्यापनाचा विषय ठरवताना पदवीला तो किती शिकला हे पाहिले जाते, त्यामुळे इतिहास शिकवू इच्छिणाऱ्याने तो निदान गौण विषय म्हणून तरी पहिल्या वर्षापासून धरून ठेवावा. तिसऱ्या वर्षी आठवण होऊन उपयोग नसतो.