51 टक्के म्हणजे सगळी कंपनी खिशात?

आंबा बागायतदारांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘51 टक्के शेअर ज्याचे, कंपनी त्याची. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. शेतकरी कंपनीत पैसे घालू नका, बडा व्यापारी शेअर घेऊन सगळं गिळेल.’ देवगडपासून गुहागरपर्यंत लोक तो डोळे मिटून पुढे ढकलतायत.

शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण भीती तिथली आहे. शेतकरी उत्पादक कंपनीत एका सभासदाला एकच मत असतं, मग शेअर दहा असोत की दहा हजार. शेअर विकत घेऊन ती ताब्यात येत नाही. व्यापाऱ्याने स्वतःच्या गड्यांची नि पाहुण्यांची नावं सभासद म्हणून घुसवली, तर येते. तेव्हा नजर ठेवायची ती सभासदांच्या यादीवर.

साध्या कंपनीत 51 टक्क्यांना वजन असतं, हे खरं. संचालक नेमणं, काढणं, लाभांश मंजूर करणं साध्या बहुमतावर होतं. पण कंपनीची नियमावली किंवा नाव बदलायला विशेष ठराव लागतो आणि त्यात बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट हवीत. 49 विरोधात गेले तर बाजूने 147 लागतील, आणायचे कुठून? कोकण रेल्वेचंच बघा. स्थापनेवेळी भांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा 6-6. सगळ्यांनी मत दिलं असतं, तर एकट्या महाराष्ट्राला विशेष ठराव अडवता आला नसता. गोवा सोबत आला की विरोधात 28, बाजूने 72. ठराव पडला.

टाळ्यांचं म्हणाल तर मतदानाच्या हक्काचे दहा टक्के शेअर हाती असले की विशेष सभा बोलवायची मागणी करता येते. भागभांडवलाचा दहावा हिस्सा असेल तर अन्यायाविरुद्ध कंपनी लवादाकडेही जाता येतं. वकिलाची फी परवडते का, हा भाग वेगळा.

शिवाय शेअर तेवढी मतं, हेही प्रत्येक वेळी नाही. टाटा मोटर्सने 2008 साली काढलेल्या एका प्रकारच्या दहा शेअरना मिळून एक मत होतं. ते शेअर 2024 मध्ये रद्द झाले.

आणि मोजली जातात ती पडलेली मतं. निम्मे भागधारक डोंबिवलीत बसून राहिले, तर गावातले 30 टक्केवालेही संचालक बदलू शकतात. भावाला प्रॉक्सी देऊन, म्हणजे आपल्या जागी सभेला धाडून, निर्धास्त होणाऱ्यांसाठी एक: नियमावलीत वेगळं लिहिलेलं नसेल, तर प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही आणि हात वर करून होणाऱ्या मतदानात त्याचा हात मोजत नाहीत. रीतसर पोल, म्हणजे हात न मोजता प्रत्येकाची मतं नोंदवून मोजणी, झाला तरच त्याचं मत चालतं. सभा गणपतीच्या सुट्टीत ठेवायला लावा आणि स्वतः या.