डी मारला की ओळ जाते

आज सकाळच्या मीटिंगमध्ये जाहीर झालं, 'नवीन एडिटरने काल एक मेंबर खराब केला.' मेंबर म्हणजे मेनफ्रेम ह्या मोठ्या, जुन्या वळणाच्या मशीनवरची एक फाइल. माणसाचं नाव नाही. एडिटरने केला. आणि सगळ्यांच्या माना वळल्या माझ्याकडे, कारण टीममध्ये तो नवीन एडिटर वापरणारी सध्या मी एकटीच. जॉबच्या, म्हणजे मशीनला दिलेल्या कामाच्या, लॉगमध्ये युजर आयडीही माझाच. मी तोंड उघडणार तोवर पुढचा मुद्दा निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं, पण त्या संन्याशाला निदान शेवटची इच्छा तरी विचारत असतील.

मला मेनफ्रेमच्या टीममध्ये टाकलं तेव्हा एक वाक्य फार प्रेमाने ऐकवलं होतं, 'काळजी करू नकोस, हिरव्या स्क्रीनचं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही.' हिरवा स्क्रीन म्हणजे मशीनचा जुना, नुसत्या अक्षरांचा पडदा. आता व्हीएस कोड हा नवीन एडिटर आहे. त्यात झोवी एक्सप्लोरर हे मेनफ्रेमशी जोडणारं एक्स्टेन्शन टाकायचं, की डावीकडे झाड उघडतं: डेटा सेट्स (मशीनवरच्या फायली), यूएसएस (तिथलाच युनिक्सचा भाग), जॉब्स. फांदीवर क्लिक करा, कोबॉल भाषेतला प्रोग्राम उघडा, सेव्ह करा, मजकूर थेट मशीनवर. झोवी हा २०१८ मध्ये सुरू झालेला ओपन सोर्स प्रकल्प आहे आणि त्यामागचा हेतू चांगला आहे, हे मी रागातही मान्य करते.

पहिल्याच क्लिकला ४०१ आला, म्हणजे 'ओळख पटली नाही'.

मशीनच्या दारावर रॅकफ नावाचा पहारेकरी असतो. सुरक्षावाले जो पहिला पासवर्ड देतात तो देतानाच मुदत संपलेला असतो. पहिल्या लॉगिनला तो बदलायचा, असा नियम. हिरवा स्क्रीन 'नवा पासवर्ड टाका' असं सरळ विचारतो. आमच्याकडच्या मांडणीत झाड काही विचारत नाही, नुसतं ४०१ म्हणून गप्प बसतं. म्हणजे हिरव्या स्क्रीनचं तोंड बघायला लागू नये म्हणून आधी त्याचंच तोंड बघून यायचं. आले बघून. पासवर्ड बदलला. पण एडिटरने जुना पासवर्ड मनात धरून ठेवलेला. मी झाडाची फांदी उघडली की हा जुन्या पासवर्डाने दार ठोठावणार. चुकीचे प्रयत्न ठरलेल्या मर्यादेत पोचले आणि रॅकफने माझा आयडी रिव्होक, म्हणजे बंद, केला. त्यावर मदत विभागाचं उत्तर: 'मॅडम, टाइप करताना जरा सावकाश करत जा.' मी काही टाइपच केलं नव्हतं.

पण हे सगळं जुनं झालं. कालचं सांगते.

काम एवढंसंच होतं. एका जेसीएलमधली, म्हणजे मशीनला जॉब समजावणाऱ्या मजकुरातली, एक डीडी ओळ (कुठली फाइल वापरायची ते सांगणारी) काढायची आणि जॉब टाकायचा. ज्यांना जेसीएल माहीत नाही त्यांनी सुटकेचा श्वास टाकून पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

जेसीएलची ओळ पहिल्या दोन रकान्यांतल्या दोन तिरक्या रेघांनी सुरू होते. बाकी कितीतरी भाषांत ह्याच दोन रेघांचा अर्थ 'इथून पुढे वाचू नका' असा असतो. इथे वाचू नका म्हणायचं तर त्यापुढे चांदणी काढावी लागते. मजकूर ७१ व्या रकान्यापर्यंत. ओळ ८० रकान्यांची, कारण १९२८ साली आलेल्या पंचकार्डावर ८० रकाने होते. कोबॉलमध्ये ७३ ते ८० हे रकाने कंपायलर वाचतच नाही. तिथे कार्डाचा क्रमांक टाकत, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा क्रमाने लावता यावा. कार्डं पडायची बंद झाली त्याला जमाना लोटला, पण जागा राखीव आहे. ह्या मशीनला काही विसरून जाणं मंजूर नाही. अक्षरांचे कोडसुद्धा स्वतःचे, एबसिडिक. त्यात आयनंतर लगेच जे येत नाही, मधे जागा रिकामी सोडलेली आहे. अंक अक्षरांच्या नंतर येतात. कोडपेज, म्हणजे कुठल्या कोडला कुठलं अक्षर ह्याचा तक्ता, जुळलं नाही तर चौकटी कंसाच्या जागी भलतंच चिन्ह उगवतं आणि आपण आपल्या डोळ्यांना दोष देत बसतो.

तर मी ती ओळ काढणार, इतक्यात मागून आवाज आला.

'काय अडलंय?'

हे आमचे सर. टीममधले सगळ्यात अनुभवी. कुठलाही जॉब पडला की आधी त्यांना फोन जातो, आणि गेलाच पाहिजे, कारण एस-शून्य-सी-सात असा एरर कोड कुणी नुसता म्हटला तरी ते न बघता सांगतात की आकड्यांच्या जागी कुठल्या फाइलमधून कचरा आला असेल. त्यांच्या स्वतःच्या हिरव्या स्क्रीनवर त्यांची बोटं चालताना बघावीत. 'तीन पॉइंट चार' असा मेनूचा आकडा टाकून ते जिथे जाऊन पोचतात तिथे जायला मला झाडाच्या निम्म्या फांद्या उघडाव्या लागतात.

मी म्हटलं, 'काही नाही सर, ही एक ओळ काढून जॉब टाकते.'

'मग काढ.'

'काढतेच आहे.'

'सरक.'

मी सरकले. सर बसले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे माउस उचलून टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवला. मग मान तिरपी करून स्क्रीनकडे बघितलं.

'कमांड लाइन कुठंय?'

'तशी नसते सर ह्यात.'

'नसते?' सरांनी माझ्याकडे बघितलं, जणू कमांड लाइन मीच कुठेतरी काढून ठेवली होती. 'बरं. खाली जाऊ.' आणि त्यांनी एफ ८ दाबलं.

आयएसपीएफमध्ये, म्हणजे हिरव्या स्क्रीनवरच्या एडिटरमध्ये, एफ ८ म्हणजे खाली, एफ ७ म्हणजे वर, एफ ३ म्हणजे बाहेर. हे सरांना शिकावं लागलेलं नाही, ते त्यांच्या बोटांतच आहे. व्हीएस कोडमध्ये एफ ८ म्हणजे पुढची चूक. एडिटर टुणकन उडी मारून एका लाल नागमोडी रेघेवर गेला आणि त्याने खाली खुलाशाची पट्टी उघडली.

'हे काय?'

'सर, इथे एफ ८ पुढची चूक दाखवतं.'

'मी चूक कुठे मागितली? मी पान मागितलं.' त्यांनी एफ ७ दाबलं. आम्ही तिथेच. 'परतसुद्धा येत नाही.'

'सर, शिफ्ट आणि एफ ८...'

'नको, बाहेरच पडू.' एफ ३. बाहेर पडायचं सोडून एडिटर काहीतरी शोधायला निघाला. सरांनी हात वर घेतले. 'तुझ्या ह्या एडिटरला काय हवंय ते त्यालाच ठरवू दे. ओळ कुठली काढायचीय?'

मी दाखवली. सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं, कारण डावीकडे ओळींचे क्रमांक होते. आयएसपीएफमध्ये डाव्या बाजूच्या सहा आकडी क्रमांकावरच डी टाइप करून एंटर मारला की ती ओळ जाते. डी ५ म्हटलं तर पाच जातात. मला ही सोय मनापासून आवडते. पण इथले क्रमांक नुसते दाखवायचे. त्यांवर क्लिक केलं तर सबंध ओळ निवडली जाते, ओळ संपल्याच्या खुणेसकट. मग जी कळ दाबाल ती त्या ओळीच्या जागी येऊन बसते.

सरांनी माउस दोन बोटांनी परत आणला, क्रमांकावर क्लिक केलं आणि डी दाबला.

ओळ गेली. खालची ओळ वर सरकली, कपाळावर डी चिकटवून.

'बघ,' सर म्हणाले, 'डी मारला की ओळ जाते.'

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? ओळ गेली होतीच.

'सर, पण तो डी खालच्या ओळीला चिकटलाय.'

'एंटर मारला की जाईल.' आणि त्यांनी उजवा कंट्रोल दाबला, कारण लॅपटॉपवर हिरवा स्क्रीन दाखवणाऱ्या त्यांच्या इम्युलेटरमध्ये तीच एंटरची कळ. काही झालं नाही. सरांनी हाताची घडी घातली आणि ते वाट बघू लागले.

मीही उभी राहिले. आम्ही दोघंही त्या डीकडे बघत होतो.

'मशीन बिझी आहे,' सर म्हणाले.

'सर, हे मशीनपर्यंत गेलेलंच नाहीये अजून, ही फाइल इथे लॅपटॉपवर...'

'घड्याळ का नाही दिसत? खाली एक्स यायला हवा.'

इथे सरांची बाजू मांडायला हवी, ती मांडायला ते स्वतः येणार नाहीत. १९७१ साली आलेल्या ३२७० टर्मिनलमध्ये, म्हणजे मूळच्या हिरव्या स्क्रीनमध्ये, तुम्ही टाइप केलेलं अक्षर मशीनला कळतच नाही. स्क्रीन भरा, एंटर मारा, तेव्हा तुम्ही जे काय बदललंत ते एकदम जातं. ह्याच काटकसरीवर एका मशीनने ढीगभर माणसं एकाच वेळी सांभाळली. उत्तर येईपर्यंत कीबोर्ड बंद, आणि खाली एक्स. तेव्हा थांबणं हे तिथे शहाणपण असतं. फक्त इथे थांबण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्यांना पटवता येत नव्हतं.

'कंट्रोल झेड दाबा ना सर.'

'झेड कशाला? कॅन्सल करू.' आणि सरांनी टाइप केलं: सी, ए, एन. आयएसपीएफमध्ये कॅन म्हटलं की सगळे बदल सोडून बाहेर. इथे ती तीनही अक्षरं इमाने इतबारे डीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सरांनी पुन्हा उजवा कंट्रोल दाबला आणि पुन्हा घडी घातली.

एवढ्यात ऑटोसेव्हने ते सगळं मशीनवर चढवलं. कोपऱ्यात सूचना आली.

'गेलं एकदाचं,' सर म्हणाले. 'आता जॉब टाक.'

'सर, आधी ती ओळ...'

पण सरांचं बोट माउसच्या उजव्या बटणावर होतं. झाडातल्या मेंबरवर भलामोठा मेनू उघडला आणि त्यात त्यांच्या ओळखीचा एकच शब्द होता, सबमिट. त्यांनी तो दाबला. परक्या जत्रेत गावचा माणूस भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला होता, हे मला विसरता येत नाही, आणि त्यामुळे मला धड चिडताही येत नाही.

पुढे जे झालं त्यात मशीनचा काही दोष नाही. 'डीकॅन' हे शब्द कपाळावर असलेली ओळ तिरक्या रेघांनी सुरू होत नव्हती, म्हणजे ती जेसीएल नव्हे, म्हणजे तो इनपुट डेटा असणार, असा जेसने, म्हणजे जॉब आत घेणाऱ्या यंत्रणेने, विचार केला. त्याने आपणहून एक सिसइनची (इनपुट डेटाची) ओळ बनवली, पुढे 'जनरेटेड स्टेटमेंट' असं प्रामाणिकपणे लिहिलं, आणि आमचं डीकॅन आदराने आत पाठवलं. जेसीएलची एकही चूक दाखवली नाही. पण ती खालची ओळ रिपोर्टची होती. ती नाही म्हटल्यावर जॉब पडला.

सरांनी उठून माझी खुर्ची मला परत दिली. 'एडिटरचं काहीतरी सेटिंग बघ,' म्हणाले आणि गेले. मी कंट्रोल झेड दाबत गेले, क्षणात सगळं जसंच्या तसं झालं, सेव्ह केलं. मेंबरला ओरखडासुद्धा राहिला नाही. राहिला तो लॉग, आणि लॉगवर माझा आयडी.

मला आयईएफबीआर१४ आठवतो. काहीही न करणारा प्रोग्राम. खरंच, त्याचं कामच काही न करणं. डेटा सेट बनवायचं, पुसायचं सगळं जेसीएलच्या ओळीच करतात, पण स्टेपला चालवायला एक प्रोग्राम तर हवा, म्हणून हा. सुरुवातीला त्यात एकच सूचना होती, 'परत जा.' त्यातही चूक निघाली: परत जाताना तो १५ नंबरचं रजिस्टर शून्य करत नसे, तिथे आधीचं जे काय पडलेलं असेल तेच त्याचा रिटर्न कोड म्हणून वाचलं जाई. मग दुसरी सूचना घालून तो दुरुस्त करावा लागला. ही गोष्ट मला सरांनीच रंगवून सांगितली होती. काही न करतासुद्धा माणसाच्या नावावर कोड लागतो, हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

चिडचीड सरांवर नाही, किंवा फक्त सरांवर नाही. चिडचीड आहे ती 'हिरव्याचं तोंड बघावं लागणार नाही' म्हणणाऱ्यांवर. १९६४ च्या सिस्टिम/३६० पासून ज्यांनी एकही दार बंद केलं नाही त्या घराला तुम्ही एक सुंदर खिडकी लावलीत, छान. पण आत काय कुठे आहे ते मला सांगायला वेळ कुणाकडे नाही, आणि खिडकी कशी उघडतात ते सरांना सांगायलाही कुणी गेलं नाही. प्रशिक्षण झालं ते कसलं? झाडाचा रंग कसा बदलायचा ह्याचं. काळी थीम, पांढरी थीम. मला थीम नको होती. ७२ व्या रकान्यात चुकून अक्षर पडलं तर पुढची ओळ आधीच्या ओळीचं शेपूट का समजली जाते, ते हवं होतं. आणि सरांना कुणी एवढंच सांगितलं असतं की एफ ८ आणि एफ ३ हव्या त्या कामाला लावून घेता येतात, तर काल तासभराची वरात टळली असती. सेटिंग आहे तसं. पण ते करून देणं कुणाचंच काम नाही म्हणे.

दुपारी पत्रक आलं. नवीन एडिटरमधून मेंबर सेव्ह केल्यास तो हिरव्या स्क्रीनवर उघडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तपासावा, मगच जॉब टाकावा. खाली पायऱ्याही दिल्या आहेत. ऑप्शन तीन पॉइंट चार, खाली जायला एफ ८, बाहेर पडायला एफ ३. शंका असल्यास सरांना विचारावे.