पेट्या नंतर द्या, आधी वार आणि वेळ सांगा

आज सकाळी एका ग्रुपवर फोटो आला. पूर येऊन गेलेल्या गावातली शाळा. मागे फ्लेक्स, पुढे सतरंजीवर रांगेत मांडलेले वीस नवेकोरे कीबोर्ड, खोक्यांसकट. त्यांच्यामागे मांडी घालून बसलेली पोरं. खाली टाळ्यांचा आणि हृदयांचा पाऊस. फोटो टाकणाऱ्यांना विचारलं, शिकवायला कोण येणार आहे? उत्तर आलं, "ते अजून ठरलं नाही."

तेव्हापासून डोकं फिरलंय. लिहिते आता. लांब होईल, वेळ असेल तर वाचा.

ते कीबोर्ड कपाटात जाणार. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक सदैव मीटिंगला. एका कीबोर्डला सहा सेल धरा, विसांना एकशे वीस. ते एकदा संपले की पुन्हा आणायला शाळेकडे पैसे नाहीत. जुने सेल आतच राहतात, पावसाळ्याच्या दमट हवेत गळतात, सेलच्या कप्प्यातल्या पत्र्यांवर हिरवा गंज चढतो, आणि दोन वर्षांनी कोणीतरी म्हणतं, "या मुलांना काही द्यावं तर त्याची किंमत नाही." हे चक्र किती वेळा बघायचं?

२०१९ चा ऑगस्ट आठवतो. नागपंचमी ५ तारखेला होती आणि त्याच आठवड्यात कृष्णा आणि पंचगंगा गावांत शिरल्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं उठून छावण्यांत आली. अशाच एका छावणीत, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, भजनी मंडळातले एक पेटीवाले (म्हणजे हार्मोनियम वाजवणारे) काका रोज संध्याकाळी मुलांना घेऊन बसायला लागले. पेटी नव्हती, ती घरात पाण्याखाली होती. नुसतं तोंडानं आणि टाळ्यांनी चालायचं. त्यात सहावीतली एक मुलगी होती. गायची नाही, टाळीही द्यायची नाही, फक्त बसायची. तिसऱ्या दिवशी उठताना तिनं विचारलं, "काका, उद्या कितीला?" काका म्हणाले, साडेचारला. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पाणी आलं आणि काका पोचले सव्वापाचला. ती चारपासून खांबाला टेकून बसली होती. काका दारात दिसले तशी उठली आणि निघून गेली. पुढचे दोन दिवस आली नाही.

उद्या काय गाणार, हे तिनं विचारलं नव्हतं. वेळ विचारली होती. घर, दप्तर, गोठ्यातली म्हैस, शाळेची घंटा, सगळं ज्या आठवड्यात जागेवरून हललं, त्या आठवड्यात एक गोष्ट साडेचारला होईल असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

तुम्हा मित्रमंडळींना हे पटवून द्यायची गरज नाही. पण देणगीदारांना, 'उपक्रम' करणाऱ्यांना कोणीतरी सांगा की संगीतातली उमेद वाद्याच्या खोक्यात येत नाही. ती मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार ते सव्वापाच, तोच माणूस, तीच सतरंजी, अशी येते. किमान वर्षभर.

हिशोबच करू. स्वस्तातला कीबोर्ड तीन हजारांचा धरा. वीस झाले साठ हजार. गावातल्याच पेटीवाल्याला एका वर्गाचे तीनशे रुपये दिले, आठवड्याला दोन वर्ग, महिन्याला आठ, तर झाले चोवीसशे. साठ हजारांत पंचवीस महिने. दोन वर्षं आणि वर एक महिना! आणि तो माणूस गावातच आहे. भजनी मंडळात पेटीवाला आहे, दिंडीत पखवाज वाजवणारा आहे, बँडमध्ये क्लॅरिनेटवाला आहे, हलगीवाला आहे. पण हलगीवाल्याला शाळेत 'सर' म्हणून बसवायचं म्हटलं की गावातल्या मोठ्यांच्या कपाळाला आठ्या. पुरात त्याच्याच खांद्यावरून म्हाताऱ्या बाहेर आल्या, तेव्हा कोणाला आठ्या पडल्या नव्हत्या. जाऊ दे, त्यावर वेगळं लिहीन.

आता कामाचं. नव्यानं कोणी असा वर्ग सुरू करणार असेल तर हे नीट वाचा.

पहिले दोन आठवडे वाद्य आणूच नका. वाद्य एक आणि मुलं पंचवीस असली की भांडण होतं, आणि घरातलं सगळं वाहून गेलेल्या मुलाच्या हातातून पेटी काढून दुसऱ्याला देणं म्हणजे नको ती जखम उकरणं. एका गटात वीस ते पंचवीस मुलं, अर्धगोलात, दाराकडे तोंड करून. पाठ दाराकडे असली तर घाबरलेली मुलं सारखी वळून बघतात आणि ताल मोडतो. वेळ पंचेचाळीस मिनिटं, जास्त नको. पहिली पाच मिनिटं नुसतं चालायचं, चार पावलांना एक टाळी. ज्यांना बसवत नाही त्यांचं अंग यातच मोकळं होतं. मग बोटांवर मात्रा, म्हणजे तालातले ठोके, मोजायच्या, आधी आठ, नंतर सहा. केरवा, दादरा ही त्या तालांची नावं नंतर सांगितली तरी चालतात.

मग 'सा'. इथे बहुतेक जण चुकतात. पेटीच्या ज्या स्वरावर 'सा' धरतो ती पट्टी. पुरुष शिक्षक स्वतःच्या पट्टीत सुरू करतात, काळी एक किंवा पांढरी दोन. गाणं तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, गेलं की मुलं किंचाळतात, नाहीतर खालच्या सप्तकात जाऊन पुटपुटतात. मग शेरा ठरलेला, "यांना सूरच नाही." सूर आहे हो, तुमची पट्टी चुकली आहे! मुलांसाठी काळी पाच धरा. मंद्रात (खालच्या सप्तकात) निषादाच्या म्हणजे 'नी'च्या खाली उतरू नका, तारेत गंधाराच्या म्हणजे 'ग'च्या वर नेऊ नका. तेवढ्यात शेकडो गाणी बसतात. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटत असेल तर त्यांना आधारस्वर धरायला द्या किंवा ताल सांभाळायला द्या, पण वर्गाबाहेर बसवू नका.

गाणी कोणती? 'आम्ही हरणार नाही' छापाची नकोत. मुलांनी हरण्याजिंकण्याचं काही बोलायला घेतलेलंच नसतं, ते मोठ्यांचं खूळ. त्यांना जे आधीपासून येतं तिथून सुरू करा. पंचमीची फेराची गाणी, भोंडल्याची, आजीच्या ओव्या, हरिपाठाच्या चाली. येणारी गोष्ट पुन्हा येते, हे मुलाला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. नवं गाणं तिसऱ्या आठवड्यात, तेही एका वेळी दोन ओळी. काका ओळ म्हणणार, मुलं मागून म्हणणार. आठवड्याभरात एखादं मूल पुढे बसून ओळ देतं आणि काका मागून म्हणतात.

आणि आवाजाची काळजी घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये ताशा नको. पत्र्यावरचा पाऊस ऐकूनच काही मुलांच्या पोटात गोळा येतो, त्यात ताशाची कडकड कशाला? वर्ग चालू असताना पावसाची सर आलीच तर गाणं थांबवून सगळ्यांनी मिळून एक स्वर धरायचा, हळू, पावसाच्या आवाजाखालून. पाऊस थांबेपर्यंत. हे काकांनी छावणीत केलं होतं. ती मुलगी परत आली ती याच वेळी. दारात उभी राहिली, आत आली नाही. काकांनी बोलावलंही नाही. त्या प्रसंगापासून काका रोज सव्वाचारलाच येऊन बसायचे.

किल्लारीचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जनाच्या मिरवणुका झाल्या होत्या, लोक दमून झोपले होते आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. अशा गावात पुढच्या वर्षी ढोल कधी बाहेर काढायचा, हे बाहेरून आलेल्या उत्साही शिक्षकानं ठरवायचं नसतं. घरच्यांना विचारा, मुलांना विचारा. नको म्हणाले तर नको.

आता लोक म्हणतील, वाद्यं मुळीच नकोत का? हवीत. कबूल. तीन-चार महिन्यांनी हवीतच, आणि कोणी मनापासून दिली तर त्यांचे आभारही. पण नवी घ्यायच्या आधी पुरात भिजलेली बघा. दर पुरानंतर लोक चांगल्या पेट्या उकिरड्यावर टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

भिजलेली पेटी हातात आली की पहिला नियम, भाता मारायचा नाही. वाजते का बघू म्हणून भाता मारला की गाळाचं पाणी रीडमध्ये, म्हणजे आतल्या सूर देणाऱ्या पत्र्यांमध्ये, खेचलं जातं आणि जे वाचलं असतं तेही जातं. दुसरा नियम, उन्हात ठेवायची नाही. लाकूड झपाट्यानं सुकलं की तडकतं. सावलीत, जमिनीपासून उचलून, झाकण उघडं ठेवून, पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन आठवडे ठेवा. लाकूड फुगल्यामुळे बोटांनी दाबायच्या पट्ट्या अडकतात, त्या जोर लावून काढू नका, सुकल्या की बहुतेक आपसूक सुटतात. रीड पितळेची असते, तिला पाण्याचं फार भय नाही. गंजतात ते लोखंडी स्क्रू आणि स्प्रिंगा, त्या बदलाव्या लागतात. रीडवरचा गाळ पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशानं झाडायचा, कापडानं घासायचा नाही, रीडची थरथरणारी जीभ वाकली की सूर गेला. भात्याचं चिकटवलेलं कापड आणि पुठ्ठा मात्र सुटतोच, तो कारागिराकडून नवा करून घ्यायचा. मग सुरावट. जिभेचं टोक खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. हे घरी करू नका, एक खरवड जास्त झाली तर भरून येत नाही. प्लायवूडची स्वस्त पेटी असेल तर तिचे थर सुटलेले असतात. तिच्यातल्या चांगल्या रीड काढून ठेवा आणि बाकीची सोडून द्या.

तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, गेली असं समजाच. तिच्यावरची काळी शाई उचलली जाते, ती ताणून धरणारी कातडी वादी सुकताना आखडते. पण खोड, म्हणजे लाकडी भाग, चांगलं शिसवीचं असेल तर ते सावलीत सुकवून नवी पुडी चढवता येते. जोडीचा डग्गा तांब्या-पितळेचा असेल तर धुऊन पुसून घ्या, काही होत नाही त्याला. तंबोऱ्याचं दुखणं मोठं. भोपळा पाणी पितो, मऊ पडतो, बुरशी धरतो. तो मिरजेला न्या आणि तिथले कारागीर सांगतील ते ऐका. पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलेली माणसं आहेत ती, आणि तीही कृष्णेच्या काठचीच. पुराचं पाणी त्यांना कोणी शिकवायला नको.

मिरजेवरून आठवलं. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्कर याच पट्ट्यातले. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, जिथे पंचगंगा आणि कृष्णा भेटतात तिथून हाकेच्या अंतरावर. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे गेले. मग मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपुढे गाणं शिकायला बसले. पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आपण भाषणात फटाका सांगतो आणि थेट लाहोर सांगतो. मधली वर्षं कोणी सांगत नाही. रोज तोच गुरू, तोच तंबोरा, तेच पलटे, म्हणजे स्वरांचे घोटायचे पाठ. डोळे गेलेल्या पोराला त्या रोजच्या बसण्यानं काय दिलं असेल याचा विचार करा.

जपानमध्ये फुकुशिमा प्रांतात सोमा नावाचं शहर आहे. मार्च २०११ च्या त्सुनामीत किनारा धुऊन गेला. तिथे मुलांचा वाद्यवृंद आणि गानवृंद उभा करणारी संस्था २०१२ मध्ये सुरू झाली, म्हणजे कॅमेरे निघून गेल्यावर. आणि मग ती तिथे राहिली. मला त्यात आवडतं ते एवढंच, ती राहिली.

आणखी एक गोष्ट कबूल करते. गाणं हे औषध नाही. धान्य, कोरडे कपडे, वह्या, शौचालयं ही आधी. आणि महिना झाला तरी जे मूल झोपत नाही, बोलत नाही, अंथरूण ओलं करायला लागलंय, त्याला गाण्याच्या वर्गात बसवून समाधान मानू नका. डॉक्टरकडे न्या. गाण्याच्या शिक्षकाचं काम तिथे एवढंच, की ते मूल त्याच्या लक्षात येतं. रोज तेच चेहरे समोर असतात ना, कोण गप्प झालं हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. एक दिवस येऊन वाटप करणाऱ्याला ते कळणार नाही.

ती मुलगी आठव्या दिवशी आत येऊन बसली. काकांनी तिला काम दिलं, मात्रा मोजायच्या. नंतर पाणी ओसरलं, लोक घरी गेले, भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ राहिली. वर्ग मारुतीच्या देवळात गेला. पुरानंतरचं कामाचं ओझं इतकं की पोरांना पाठवायला कोणाकडे सवड नव्हती, पहिल्या आठवड्यात पाचच आली. त्यात ती होती. निघताना काकांना विचारलं तेच. आता काका वार सांगायला लागले होते, "शुक्रवारी, साडेचारला."

राग थोडा उतरलाय लिहून. फोटो टाकणाऱ्यांना दुपारी मेसेज केला आहे, वर्ग कुठल्या वारी आणि कितीला? अजून उत्तर नाही.

शिरोळ, हातकणंगले, पलूस, मिरज या बाजूला कोणी पेटी किंवा पखवाज वाजवणारं असेल, आठवड्यातून दोन संध्याकाळी देऊ शकत असेल, तर खाली लिहा. मानधन देऊ. पहिल्या सहा आठवड्यांत एकही दांडी चालणार नाही, आणि पाऊस असेल त्या दिवशी अर्धा तास आधी निघायचं.